भाला न फेकण्याचे महिने

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे एक स्नेही भेटले. भुसार मालाचे जुने व्यापारी. बोलणे मोजके आणि रोखठोक. त्यांचा पंधरा वर्षांचा नातू तालुक्याच्या मैदानावर भालाफेकीच्या सरावाला जातो. त्यांची तक्रार अशी, की मार्च महिन्यापासून मुलाच्या हाती भाला असा आलेलाच नाही. पहाटे साडेपाचला उठून तो मैदानावर जातो आणि तेथे काय करतो, तर जड चेंडू भिंतीवर आपटतो, अडथळ्यांवरून पाय उचलून चालतो, उड्या मारतो, दोराला लोंबकळतो. भाले खोलीत कुलपात. “शाळेला सुट्टी, वेळच वेळ, आणि नेमके आत्ताच फेकायचे नाही म्हणतात. गोदाम भरलेले असताना दुकान बंद ठेवण्यासारखे झाले हे,” असे ते म्हणाले. प्रशिक्षक बदलावा काय, असा त्यांचा प्रश्न होता.

मी त्यांना त्या वेळी एवढेच सांगितले, की प्रशिक्षक मुळीच बदलू नका. कारणे सविस्तर सांगण्याइतकी सवड त्या दिवशी दोघांनाही नव्हती. ती येथे मांडतो. नीरज चोप्रा यांनी ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले आणि तेव्हापासून हा खेळ आपल्या घराघरांत पोचला. मुलांना मैदानावर धाडणाऱ्या पालकांत आता व्यापारी कुटुंबेही दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्या एका फेकीमागे संपूर्ण वर्ष कसे खर्ची पडते, याची कल्पना फार थोड्यांना असते, आणि ती नसल्यामुळे चांगल्या प्रशिक्षकावर अविश्वास व घाईच्या प्रशिक्षकावर भरवसा, असा उलटा व्यवहार घडतो.

पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम वजनाचा, स्त्रियांचा ६०० ग्रॅमचा. किलोभर साखरेच्या पुडीपेक्षाही हलका. मग एवढ्या हलक्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला? उत्तर वेगात आहे. भाला ९० मीटरच्या आसपास जायचा असेल, तर हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्याही वर असावा लागतो. धावत येणाऱ्या खेळाडूचा स्वतःचा वेग असतो सेकंदाला सहा-सात मीटर. उरलेला वेग तो कोठून आणतो? उजव्या हाताने फेकणारा खेळाडू शेवटच्या पावलाला डावा पाय खुंटीसारखा जमिनीत रोवतो. पाय थांबतो, पण धड पुढे जातच राहते. मग कंबर, छाती, खांदा, कोपर आणि अखेरीस हात अशा क्रमाने वेग चढत जातो. आसुडाच्या मुठीशी दिलेला झटका टोकाशी कडाडून निघावा, तसा हा प्रकार. डावा पाय टेकल्यापासून भाला सुटेपर्यंतचा अवधी सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा असतो. तेवढ्या क्षणात डाव्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि कोपराच्या आतल्या अंगाचा अस्थिबंध आपल्या सोसण्याच्या मर्यादेपर्यंत ताणला जातो.

येथे शरीराचा एक धर्म ध्यानात घ्यावा लागतो. स्नायू व्यायामाने लवकर बळकट होतात. कंडरा आणि अस्थिबंध यांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. म्हणजे मुलगा सहा महिन्यांत जोरात फेकू लागतो, पण त्याचे कोपर तो जोर पेलण्याइतके सहा महिन्यांत तयार झालेले नसते. त्यातून वाढत्या वयात कोपराजवळच्या हाडांची वाढ ज्या ठिकाणी होत असते तो भाग कूर्चेचाच असतो आणि वारंवार ओढ बसल्यास तेथे इजा होते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी जागतिक स्पर्धांत ७०० ग्रॅमचा आणि मुलींसाठी ५०० ग्रॅमचा भाला ठेवलेला आहे, तो उगाच नव्हे. आमच्या पेशाच्या भाषेत बोलायचे, तर पूर्ण धावेनिशी केलेली प्रत्येक जोरकस फेक ही मुदलातून केलेली उचल असते. ती भरून निघण्यास वेळ द्यावा लागतो. प्रशिक्षकाची खरी परीक्षा ही उचल केव्हा करू द्यायची आणि केव्हा रोखायची, याच्या निर्णयात होते. शिट्टी वाजवून शंभर फेकी करवून घेणे कोणालाही जमते.

आता जागतिक दर्जाच्या खेळाडूचे वर्ष पाहू. त्याचा हंगाम साधारणतः मे महिन्यात सुरू होतो आणि सप्टेंबरात संपतो. ऑक्टोबरात तो भाल्याला हात लावत नाही. तीन-चार आठवडे पोहणे, चालणे, एखादा हलका खेळ आणि वर्षभरात साचलेल्या दुखण्यांवर उपचार. नोव्हेंबरपासून पायाचे काम सुरू होते आणि ते जानेवारीच्या अखेरीपर्यंत, कधी त्याहूनही पुढे चालते. वजन खांद्यावर घेऊन बैठका, जमिनीवरून झटक्यात डोक्यावर वजन नेणे, दोन ते चार किलोचे चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून फेकणे, अडथळे ओलांडून कंबर मोकळी करणे, हातांवर उभे राहणे, आडव्या दांड्याला लोंबकळून पाय वर नेणे, छोट्या धावा, लांब ढांगांच्या उड्या. भार तीन आठवडे चढवीत न्यायचा आणि चौथ्या आठवड्यात उतरवायचा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. त्या उतरत्या आठवड्यातच शरीर कमाई पदरात पाडून घेते, असे जाणकार सांगतात. फेकी होतात त्या चेंडूंच्या, जागेवर उभे राहून, जाळीत किंवा भिंतीवर.

फेब्रुवारी ते एप्रिल हा संधिकाळ. वजनांचा भार आता कमी होतो आणि हालचालींचा वेग वाढतो. भाला हातात येतो, पण आधी उभ्याने, मग तीन पावलांवरून, मग पाच. पूर्ण धाव सर्वांत शेवटी. याच काळात ८०० ग्रॅमऐवजी कधी ९०० ग्रॅम वा किलोचे साधन वापरतात, कधी ७०० ग्रॅमचे; जड साधनाने जोर वाढावा आणि हलक्याने हात चपळ व्हावा, हा हेतू. परंतु फार जड साधन वापरले, की फेकीची घडणच बिघडते आणि खेळाडू भाला फेकण्याऐवजी ढकलू लागतो. म्हणून हे प्रमाण जपून ठेवावे लागते. फेकीचे दिवस आठवड्यात दोन, फार तर तीन, आणि मध्ये कोपराला पुरेशी उसंत. वर्षाची अशी खंडवार विभागणी सोव्हिएत अभ्यासक लेव मत्वेयेव यांनी १९६० च्या दशकात सुसूत्रपणे मांडली. पुढे प्रत्येक खेळाने आणि प्रत्येक प्रशिक्षकाने तिला आपापले वळण दिले.

स्पर्धांचा काळ आला म्हणजे तरी मनसोक्त फेकणे सुरू होते काय? तसेही नाही. स्पर्धेच्या आठवड्यात कामाचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास आणतात. तीव्रता मात्र टिकवून ठेवतात, नाहीतर शरीर सुस्तावते. दोन मोठ्या स्पर्धांमध्ये अवकाश असेल, तर दोन-तीन आठवडे पुन्हा पायाच्या कामाकडे वळतात. व्यापाऱ्याने सणाच्या गर्दीनंतर लगेच रिकामी फडताळे भरून घ्यावीत, तसेच हे.

बळ म्हणजे धिप्पाड देह, असाही एक समज आपल्याकडे आहे. या खेळातील विश्वविक्रम चेकचे यान झेलेझ्नी यांच्या नावावर आहे: ९८.४८ मीटर, २५ मे १९९६, जर्मनीतील येना. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा हा खेळाडू फेकीच्या इतर प्रकारांतील मल्लांच्या मानाने सडपातळच म्हणावा लागेल. (जाता जाता सांगतो: त्याआधी १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होन यांनी १०४.८० मीटर भाला फेकला होता. पण १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला, भाला लवकर टोकावर येऊ लागला आणि विक्रमांची वही नव्याने सुरू झाली. दोन्ही आकड्यांची तुलना करणे म्हणजे जुन्या मापाच्या पायलीची आणि किलोची तुलना करणे होय.) होन आणि झेलेझ्नी हे दोघेही वेगवेगळ्या काळात नीरज यांचे प्रशिक्षक झाले. मध्यंतरीची अनेक वर्षे शरीरगतिशास्त्राचे जर्मन तज्ज्ञ क्लाउस बार्टोनिएट्झ त्यांच्याबरोबर होते.

नीरज यांच्या कारकीर्दीत पदके सगळ्यांना पाठ आहेत. मला त्यांतील रिकाम्या जागा अधिक बोलक्या वाटतात. मे २०१९ मध्ये त्यांच्या उजव्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोहा येथील जागतिक स्पर्धा त्यांना मुकावी लागली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे ते परतले आणि ८७.८६ मीटर फेकून ऑलिंपिकसाठी पात्र ठरले. २०२२ मध्ये यूजीन येथे जागतिक रौप्यपदक मिळाले, पण जांघेच्या दुखापतीमुळे बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. गतविजेत्या खेळाडूने, देशाचा ध्वज हाती घेण्याचा मान ठरलेला असताना, स्पर्धेच्या उंबरठ्यावरून परत फिरणे ही सोपी गोष्ट नव्हे. तेव्हा काही मंडळींनी नाके मुरडली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात झुरिक येथे ८८.४४ मीटर फेकून ते डायमंड लीगचे विजेते झाले.

२०२४ चे वर्ष तर पाठ्यपुस्तकात घालावे असे. पॅरिस ऑलिंपिकपूर्वी त्या हंगामात नीरज अवघ्या तीन स्पर्धांत उतरले: मे महिन्यात दोहा व भुवनेश्वर, आणि १८ जून रोजी फिनलंडमधील तुर्कू. ओस्ट्रावाच्या स्पर्धेचे निमंत्रण होते, परंतु जांघेच्या स्नायूत काही जाणवल्यामुळे तेथे ते फेकण्यासाठी उतरले नाहीत. पाहुणे म्हणून मात्र हजर राहिले. पॅरिसची डायमंड लीगही त्यांनी सोडली. १८ जूननंतर थेट ६ ऑगस्टला पात्रता फेरी, आणि तेथे पहिल्याच फेकीत ८९.३४ मीटर. दोन दिवसांनी अंतिम फेरीत ८९.४५. त्या रात्री त्यांच्या सहापैकी पाच फेकी बाद ठरल्या; उरलेल्या एका फेकीने रौप्यपदक दिले. पाकिस्तानच्या अर्शद नदीम यांनी ९२.९७ मीटर फेकून नवा ऑलिंपिक विक्रम केला. हे नदीमही आदल्या वर्षी बुडापेस्टला जागतिक रौप्यपदक मिळवून, गुडघ्याच्या दुखण्यामुळे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून बाजूला झालेले. दोघांनीही मिळण्याजोगी पदके सोडून दिली होती.

एवढे जपूनही शरीर कधी हिशेब चुकवते. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरज पाठीच्या दुखण्यासह उतरले आणि ८४.०३ मीटरवर आठवे आले. भारताच्याच सचिन यादव यांनी तेथे ८६.२७ मीटर फेकून चौथा क्रमांक मिळवला.

आता आपल्या मुलांकडे वळू. मागे एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत असताना पाहिलेला एक मुलगा मला राहून राहून आठवतो. वडिलांचे हार्डवेअरचे दुकान. मुलगा सोळा वर्षांचा, उंच, हात लांब. फेक पाहणाऱ्याच्या तोंडून वाहवा निघावी अशी. निवड चाचणी दोन महिन्यांवर आली, तेव्हा त्याच्याकडून रोज फेकी करवून घेतल्या जाऊ लागल्या, तोही मोठ्यांचा ८०० ग्रॅमचा भाला देऊन, कारण ‘जड फेकला की हलका आपोआप लांब जाईल.’ कोपर दुखू लागले, तर वेदनाशामक गोळी आणि वर घट्ट पट्टी. रविवारी आसपासच्या गावांतल्या बक्षिसांच्या स्पर्धा होत्याच. वडिलांना यात काही गैर वाटले नाही. मेहनत दिसत होती, ढालींनी दुकानातले कपाट भरत होते. चाचणीच्या आठवडाभर आधी एका फेकीनंतर मुलगा हात धरून खाली बसला. अस्थिरोगतज्ज्ञांनी कित्येक महिने फेक बंद करायला सांगितले आणि त्या महिन्यांनंतर तो मैदानावर परतला नाही. पुढे कैक वर्षांनी मी त्या गावी गेलो, तेव्हा सकाळची वेळ होती. दुकानाचे शटर तो डाव्या हाताने वर करीत होता.

ज्या कालावधीत काही ‘होत नाही’ असे पालकांना वाटते, त्याच कालावधीत मुलाचे कोपर पुढच्या दहा वर्षांसाठी घडत असते. आणि मैदानाच्या कडेला उभे राहून ‘अजून एक फेक रे’ म्हणणारे आपणच असतो.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे, तिचा विचार आपल्याकडे पुरेसा होत नाही. वर सांगितलेले वर्ष युरोपातील हंगामावर बेतलेले आहे. आपल्या शाळकरी मुलाचे पंचांग वेगळे. त्याच्या तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्यांवरील स्पर्धा पावसाळा सरत आला म्हणजे सुरू होतात आणि हिवाळ्यापर्यंत चालतात. ज्या महिन्यांत मोठे खेळाडू पाया घालत असतात, त्या महिन्यांत आपला मुलगा स्पर्धेत असतो. म्हणून पुस्तकातला तक्ता जसाच्या तसा उचलणे घातक. आपल्या घरांत सरकारी हिशेबाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि वहीपूजन दिवाळीला होते. दोन्ही आपण बिनतक्रार सांभाळतो. तसेच मुलाचे वर्षही त्याच्या स्पर्धांपासून उलटे मोजत आणावे. परीक्षेचा काळ विश्रांतीला आयता सापडतो. मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत पाया, तोही उन्हाच्या आधी पहाटे. जून ते ऑगस्ट हळूहळू भाला. त्यापुढे स्पर्धा. आमच्या स्नेह्यांच्या नातवाचा प्रशिक्षक नेमके हेच करीत होता.

पालकाने तंत्रात नाक खुपसू नये, या मताचा मी आहे. परंतु एक गोष्ट मागण्याचा त्याला हक्क आहे, ती म्हणजे नोंदवही. चांगला प्रशिक्षक रोजमेळ लिहिल्यासारखी नोंद ठेवतो: आज किती फेकी, किती पावलांवरून, कोणत्या वजनाच्या साधनाने, किती जोराने, झोप किती झाली, सकाळी नाडीचे ठोके किती, कोठे दुखते. खेळाडूने स्वतः लिहिली तर अधिक उत्तम. चाळीस वर्षे वह्या तपासण्यात घालवल्यामुळे असेल, पण मला यातले शेवटचे रकाने सर्वांत मोलाचे वाटतात. तीन आठवडे सलग ‘कोपर आतून किंचित दुखते’ असे लिहिलेले आढळले, तर चौथ्या आठवड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रशिक्षक अशी वही ठेवतच नसेल, तर त्याने जिंकलेल्या ढालींकडे पाहून भुलू नये.

खर्चाचे म्हणाल, तर पहिली दोन वर्षे महागडा भाला घेण्याची गरज नाही. स्पर्धेचे परदेशी भाले चांगलेच महाग असतात आणि लांब फेकींसाठी बनवलेला ताठ भाला नवशिक्याच्या हातून नीट उडतही नाही. भारताच्या अन्नू राणी यांनी उत्तर प्रदेशातील आपल्या गावी ऊस आणि बांबू फेकून सुरुवात केली होती. पुढे त्यांनी हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक मिळवले. मुलासाठी दोन-तीन वजनांचे चेंडू, एक जाळी आणि शाळेचा भाला एवढे पुरते. पैसे खर्च करायचेच असतील, तर बुटांवर करावेत. जून ते ऑगस्ट आपल्याकडची धावपट्टी ओली असते. रोवलेला डावा पाय घसरला, की गुडघा आणि घोटा दोन्ही जातात. भालाफेकीच्या बुटांना पुढच्या भागाबरोबर टाचेखालीही खिळे असतात. धावण्याच्या साध्या बुटांना ते नसतात, आणि दुकानदार पुष्कळदा तेच पुढे करतो. घेण्यापूर्वी बूट उलटा करून टाच पाहावी, आणि पाऊस जोराचा असेल त्या दिवशी शेडखाली चेंडूंवर सराव ठेवावा.